टाकीवरचं पान

लेइनासेईला दोनच गोष्टींचा अभिमान: चर्चमागची पावसाच्या पाण्याची टाकी आणि सुळे गोल वळलेलं तिचं डुक्कर. नवऱ्याचा नंबर त्यानंतर, आणि तोही नक्की नाही.

टाकीची राखण तिच्याकडे. शाळेतून येणारी पोरं नळाखाली पाय धुतात म्हणून तिनं गावचे प्रमुख कालसाफ यांचं इतकं डोकं खाल्लं, की त्यांनी वैतागून नळावर नामेलेचं पान बांधलं. ते पान बांधलं, की बांधणाऱ्यानं सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लावला तर एक डुक्कर दंड. एवढं करून कालसाफ पुतणीच्या लग्नाला बोटीनं राजधानीला, पोर्ट व्हिलाला गेले, आणि मागून वादळ आलं.

विहिरीत समुद्र शिरला. बाकीच्या टाक्या छपरांसकट उडाल्या. ही एकटी ठणठणीत, काठोकाठ भरलेली. नळावरचं पान मात्र गायब.

"वाऱ्यानं नेलं ना? मग उठली बंदी," लेइनासेईचा नवरा कालोरिब म्हणाला.

"वारा काय गावचा प्रमुख आहे?" म्हातारा तारी खेकसला. "बांधलं कालसाफनं, सोडणार कालसाफ. आणि बांधायला लावलं कुणी, तेही ठाऊक आहे सगळ्यांना!"

सगळ्यांनी लेइनासेईकडे पाहिलं. ती चक्क गप्प. वादळापेक्षा गावाला याचाच धसका जास्त.

पडलेल्या शहाळ्यांवर तीन दिवस निघाले. चौथ्या दिवशी तीही संपली. घरात सून लेइविया आठवड्याची बाळंतीण. ओठ फुटलेले, दूध आटत चाललेलं.

"आई, विहिरीचंच उकळून द्या."

"उकळून खारट गोड होतं होय गं?"

लेइनासेई उठली. डुक्कर सोडलं, गावाच्या मधून ओढत नेलं आणि कालसाफांच्या अंगणातल्या झाडाला बांधलं. त्यांची बायको बाहेर आली.

"वहिनी, हा दंड. गुन्हा आता करायला चाललेय."

"अगं, असं उलटं असतं का कुठं?"

"ते आल्यावर त्यांनाच विचारा."

तिनं नळ उघडला. पहिली बादली सुनेला, मग घरटी एकेक. स्वतः मात्र घोटभरही घेतलं नाही. कालोरिबनं करवंटी पुढे केली.

"पी की गं!"

"तुमच्या पाण्याचा दंड भरलाय. माझ्या घोटाचं कालसाफ बघतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीची बोट आली. पाण्याच्या डब्यांच्या राशीवर, लग्नातला फुलाफुलांचा शर्ट घालून, खुद्द कालसाफ. डब्यांकडे कुणी बघेना; सगळे एकदमच त्यांच्या कानाशी. त्यांनी ऐकून घेतलं, अंगणात गेले आणि डुकराच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"आधी गुन्हा, मग दंड, असं आमचे आजोबा सांगायचे," ते म्हणाले. "आगाऊ भरणारी ही पहिलीच! दंड पावला. बंदी उठली."

"आणि माझं डुक्कर?"

"तुझं? ते काल होतं!"

गाव खो खो हसलं. डबे चर्चमध्ये रचून ठेवले, टाकी आटली तर असावेत म्हणून. लेइनासेई नळापाशी गेली, लागोपाठ तीन करवंट्या प्यायली, पदर नाही म्हणून बाहीनंच तोंड पुसलं. शेजारी चर्चच्या पायरीवर बसलेल्या सुनेच्या कुशीतून बाळाचं चुकचुक दूध ओढणं ऐकू येत होतं.

मग चार दिवस साठलेला तिचा आवाज एकदम फुटला: "बघताय काय? रांग लावा!"