पोक लीची उडी

आमच्या केरांजी गावात कुणालाही विचारा, वान राझाली कसा माणूस? एक म्हणेल, नदीवर पूल आणला तो त्यानेच. दुसरा म्हणेल, नदी विकली तीही त्यानेच. दोघंही खरंच बोलत असतील. मी त्याची चुलतबहीण याह. आमची घरं एकाच अंगणात. त्याच्याबद्दल बोलायला बसले की मला आधी राग येतो आणि बोलता बोलता तो कुठे जातो कळत नाही. म्हणून राग ताजा असतानाच सुरुवात करते.

गाव त्याला पोक ली म्हणे. माझ्याहून थोरला म्हणून मी अबांग म्हणते. बाप दुसऱ्याच्या रबराच्या झाडांना चिरा पाडून चीक गोळा करायचा, आणि हा शिकून मास्तर झाला. जिभेवर साखर होती. कुणाचा मुलगा शाळेतून पळाला, कुणाचं छप्पर उडालं, कुणाची म्हैस दुसऱ्याच्या भातात शिरली, की लोक इमामाच्या आधी याच्याकडे यायचे. गावात कुणी गेलं तर हा बाह्या वर करून मयताला आंघोळ घालायला पुढे. लग्नाघरी गुलाईच्या काहिलीशी दिवसभर उभा राहून रस्सा ढवळणारा पहिला हाच. मग वल्हं निशाणीच्या पक्षाने त्याला विधानसभेला उभं केलं यात नवल कसलं? तीनदा निवडून गेला. शेवटच्या खेपेला तर विरोधी पक्षाच्या, कंदीलवाल्यांच्या घरातल्या बायकांनीही नवऱ्याच्या नकळत त्यालाच मत दिलं. मला ठाऊक आहे, माझ्याच ओट्यावर बसून सांगत होत्या.

वल्हं आणि कंदील यांनी आमचं गाव उभं चिरलेलं होतं. कॉफीची दुकानं दोन, न्हावीसुद्धा दोन. फक्त केंदुरी, म्हणजे गावजेवण, एक. जेवणावळ असली की दोन्हीकडचे एकाच चटईवर कांदे सोलायला बसायचे. टोमणे मारायचे, पण सोलायचे.

पूल झाला आणि त्याच्या पाठोपाठ वाळू उपसायची यंत्रं आली. परवाना अबांगच्या मेहुण्याला मिळाला होता. दोन पावसाळ्यांत काठ ढासळला आणि हाजी देरामानची डुरियानच्या फळझाडांची बाग मुळांसकट नदीत गेली. देरामान म्हणजे अबांगचा शाळेतला जोडीदार, वल्ह्याचा कट्टर माणूस, त्याच्यासाठी भिंतीभिंतींवर खळ लावून पोस्टरं डकवत फिरलेला. एरवी अबांगच्या घरावरून जाताना मान वळवून हाक मारायचा, आता तो मानही वळवेनासा झाला.

त्यानंतर ती उडी. वल्हेवाल्यांचं सरकार एकाच आमदाराच्या बहुमतावर उभं होतं. एका गुरुवारी मी मासे साफ करत होते, टीव्ही लागलेला, आणि बघते तर आमचा अबांग कंदीलवाल्यांच्या पुढाऱ्याशेजारी बसून हसतोय! संध्याकाळपर्यंत सरकार कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घराच्या जिन्यावर कुणीतरी पोतंभर जिवंत बेडूक सोडले. आमच्याकडे पक्ष बदलणाऱ्याला बेडूकच म्हणतात. त्याची बायको एसाह झाडू घेऊन बेडूक हाकलत होती, हसत होती आणि रडतही होती.

"किती घेतले?" हा एकच प्रश्न गावात. कुणी म्हणे गाडी मिळाली, कुणी म्हणे शहरात बंगला. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "गावाला नळाचं पाणी मिळावं म्हणून गेलो." नळ आले खरे. पाणी महिनाभर चहासारखं यायचं, मग स्वच्छ झालं. लोक ते प्यायचे आणि त्याला शिव्या द्यायचे.

एवढ्यानेही गाव तुटलं नसतं, असं मला अजून वाटतं. तुटलं ते अबांगच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. आमच्यात मुलीचं कार्य काढलं की बाप स्वतः दारोदार जातो. बायकांना बोलवायला घरातली एखादी वडीलधारी बाई बरोबर नेतो. जिना चढायचा, बसायचं, दिलेलं प्यायचं आणि म्हणायचं, "कार्य काढलंय, हात लावायला या." मग म्हैस कापण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं गाव करतं. बोलावणं आलं नाही तर सख्खा शेजारीही पायरी चढत नाही. मी तर विळीला धार लावून ठेवली होती. कधी येतो आणि "चल याह" म्हणतो याची वाट बघत होते.

तो आलाच नाही. दारं तोंडावर आपटली जातील म्हणून घाबरला. तीनदा निवडून आलेला माणूस, शेजाऱ्याच्या दाराला घाबरला! लग्नाच्या सकाळी शहरातून केटररची गाडी आली. एकसारख्या शर्टातली पोरं, झालरीचे मांडव, झाकणाची चकचकीत भांडी. मी कुंपणाशी उभी राहून विचारलं, "अबांग, गावाचे हात झडले का रे?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, याह."

"त्रास? आम्ही काय पाहुणे आहोत?"

ज्यांची मनं निवत आली होती त्यांनाही आता आयतं कारण मिळालं. गाव आपापल्या जिन्यांवर बसून राहिलं. मांडवात राजधानीचे पुढारी आणि त्यांचे ड्रायव्हर जेवले. उरलेला भात एसाहने रडत रडत कोंबड्यांना घातला. पुढच्या निवडणुकीत कंदिलावर उभा राहून तो असा आपटला की आमच्या गावच्या पेटीतही मागे पडला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. राजधानीच्या गाड्या यायच्या थांबल्या. दोन्ही कॉफीच्या दुकानांत तो आत शिरला की बोलणं बंद व्हायचं, म्हणून तो घरीच कॉफी पिऊ लागला.

थोरलीच्या लग्नानंतर आठ वर्षांनी धाकट्या रोहानीचं लग्न ठरलं. एसाहने नवऱ्याला माझ्यादेखत सुनावलं, "या खेपेला गावाने शिजवलं नाही, तर मी मांडवच घालणार नाही. मुलीचा कोरडा निकाह लावून मोकळी होईन. आधीच सांगून ठेवते."

अडचण एवढीच होती की निवडणूकही तोंडावर आली होती, आणि कंदीलवाले तिकीट घेऊन पुन्हा त्याच्या दारात बसले होते. हा ना हो म्हणत होता ना नाही. म्हातारपणी एकदा जिंकून तोंडावरचा डाग पुसायची हौस त्याच्या डोळ्यांत मला दिसत होती. अशा वेळी माणूस दारोदार फिरू लागला तर लोक काय समजणार?

तरी तो आला. म्हणाला, "चल याह."

बरोबर मी होते म्हणून दारं उघडली. लोकांनी बसवलं, कॉफी दिली, मान डोलावली. पण येतो असं कुणी म्हणेना. ज्याने त्याने एकच सांगितलं, "देरामानकडे जाऊन आलात का?" केंदुरीत म्हैस कापायची ती देरामाननेच, काहिलीचा ताबाही त्याचाच. तो नसेल तर बाकीचे कशाला येतील?

देरामानचा जिना अबांग माझ्यापुढे होऊन चढला. देरामान जाळं विणत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बस."

आम्ही बसलो. त्याच्या बायकोने कॉफी आणून ठेवली.

"धाकटीचं कार्य काढलंय," अबांग म्हणाला. "हात लावायला ये."

"आधी एक सांग. किती घेतलेस?"

"देरामान, आता ते कशाला..."

"मग कधी? मेल्यावर? याह आहे इथे, परकी नाही. सांग."

मला वाटलं, आता नळाची कथा निघणार.

"पैसे नाही घेतले. अल्लाची शपथ. कुणी देऊच केले नाहीत," तो म्हणाला. "तीनदा निवडून गेलो तरी वल्हेवाले मला मागच्या बाकावर बसवायचे. नावसुद्धा चुकवायचे. कंदीलवाल्यांनी सांगितलं, पुढे बसवू. मंत्र्यांच्या रांगेत. म्हणून गेलो. पाणी नंतर मागितलं, लोकांना काहीतरी सांगावं लागणार म्हणून."

देरामानचे हात थांबले. "खुर्चीसाठी?"

"हो."

"अरे, पैशासाठी गेला असतास तर मी समजलो असतो. तुझ्या बापाने काय खाऊन दिवस काढले ते मी पाहिलंय. पण पुढे बसायला? इथे कुणी मागे बसवलं होतं रे तुला?"

अबांगने तोंड ओंजळीत धरलं. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याची कीव आली, आणि संतापही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही सगळे आठ वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत होतो!

"माझी झाडं काही परत येणार नाहीत," देरामान म्हणाला. "ती मी विसरणारही नाही. पण एसाहसाठी येईन. फक्त एक सांग, तू बोलावतोयस ते लग्नाला की मताला? दोन्हीला बोलावत असशील तर कॉफी पी आणि ऊठ."

"लग्नाला," अबांग म्हणाला. पण फार हळू म्हणाला, आणि तिकिटाचं काय करणार ते बोलला नाही. देरामानच्या ते ध्यानात आलं होतं. माझ्याही.

नशीब असं की उमेदवारी अर्ज भरायचा दिवस आणि म्हैस कापायचा दिवस एकच निघाला. देरामान सकाळीच सुरा घेऊन आला, आणि त्याच्यामागे वल्हं, कंदील, सगळं गाव. बायकांच्या चटईवर बसायला जागा उरली नाही. मसाला परतून झाला, नारळाचं दूध काहिलीत पडलं. ते पडलं की उकळी येईपर्यंत हात थांबवता येत नाही, नाहीतर फुटतं. ढवळायचा दांडा देरामानने अबांगच्या हातात दिला आणि स्वतः मांस कापायला बसला.

तेवढ्यात कंदिलाचे झेंडे लावलेली काळी गाडी अंगणात आली. ड्रायव्हर उतरला. "साहेब, सगळे कचेरीत खोळंबलेत. अर्ज भरायची वेळ संपत आली."

चटईवरच्या बायकांचे हात थांबले. देरामानने मात्र मान वर केली नाही. मांसाचे तुकडे करत राहिला, एकेक, उगाच बारीक. एसाह स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अबांगने गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, हा जाणार.

"जेवलास का रे तू?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"नाही, साहेब. पण वेळ..."

"याह, याला भात वाढ," तो म्हणाला. त्याचा हात ढवळतच होता. "जेव, आणि मग जाऊन त्यांना सांग, येता येणार नाही. घरी कार्य आहे."