बाबाच्या नावाची शेंडी

मी शिंपी. दोनदा मोजून मगच कापतो. एकदाच न मोजता कात्री चालवली, ती पोटच्या पोराच्या डोक्यावर.

आमची दोन लेकरं जन्मताच गेली होती. तिसरं जगावं म्हणून बायकोनं मूल गावाच्या वाटेवरच्या जंगलातल्या दर्ग्याला नवस केला: पाच वर्षं बाबाच्या नावाची शेंडी ठेवीन, मग तिथंच उतरवीन. मोहल्ल्यात पोराला सगळे 'बाबाचा' म्हणत. ते चार वर्षांचं झालं आणि बाहेरगावचे एक मौलवीसाहेब आमच्या चांद्याला आले. म्हणाले, शेंड्या, चादरी हे आपलं नव्हे. ते आमच्याकडे जेवायला येणार होते. मला एकाएकी पक्का मुसलमान व्हायची घाई झाली. बायको चुलीपाशी असताना मी शेंडी कापली, अस्तराच्या चिंधीत गुंडाळून खिशात ठेवली, पोराला टोपी घातली. मौलवीसाहेब मटण जेवून, दुवा देऊन गेले. पोराच्या डोक्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी पोराला हिव भरलं. चांद्यात हिवताप नवा नव्हता, हे ठाऊक होतं. पण त्याचे दात वाजले की माझा हात खिशातल्या चिंधीकडे जायचा. टोपी मी काढू देईना.

"तापात टोपी काऊन?" बायकोनं विचारलं.

"वारं लागते," मी म्हणालो. दारं-खिडक्या बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे आहेत असं सांगून, दर्ग्याच्या वाटेनं जाणाऱ्या एका बैलगाडीत बसलो. नाल्याजवळ बैल कान टवकारून अडले.

"वाघ असन. बाबाचं नाव घ्या, भाऊ," गाडीवान हळूच म्हणाला.

मौलवीसाहेबांचं सांगणं बांबूच्या रानात कुठं पळालं, कळलं नाही. पण नाव ओठांवर येईना. ज्याचा गुन्हा केला त्यालाच हाक कशी मारायची? बैल आपल्याच मनानं चालू लागले तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

दर्ग्यात दिवा लावणारा म्हातारा गोंड होता. चिंधी पुढं ठेवून मी रडत सगळं सांगितलं.

"बाबाले केसाचं काय करायचं हाय? पोराले कुनैन देल्लं का?"

"देल्लं."

"मंग घरी जा. बाई एकटी हाय तिथी." चिंधी त्यानं दिव्याच्या कोनाड्यात ठेवली.

संध्याकाळी पोहोचलो तर ताप उतरलेला. पोर पेज पीत होतं, डोकं उघडं. टोपी धुऊन दोरीवर. मी उंबऱ्यातच थिजलो.

बायको म्हणाली, "शेंडी कापली त्याच दिवशी तेल लावताना समजलं मले. तुम्ही कधी सांगता, पाहून राह्यली होती. बाबा माफ करतीन. माझं अजून ठरलं नाई."