ते बीट नव्हतं

"ये चुकंदर नहीं है, ये आपकी जाँघ है," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात माझ्या लघवीची छोटी बाटली होती आणि आतला रंग कोऱ्या चहासारखा होता. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. मी रायपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीच्या खाटेवर पडलो होतो. मांड्या सुजून दगड झाल्या होत्या. माझी बायको वंदना माझ्या चपला हातात घेऊन शेजारी उभी होती. मी बाईंना तोवर दोनदा पटवून सांगितलं होतं की मी रोज बीटाचा रस पितो, म्हणून रंग असा दिसतो, बाकी काही नाही.

आजाराचं नाव रॅब्डोमायोलिसिस. मलाही ते नीट म्हणायला आठवडा लागला. अति श्रमाने, त्यातही उन्हातान्हात, स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांच्यातला मायोग्लोबिन नावाचा लालसर पदार्थ रक्तात उतरतो आणि तो गाळता गाळता किडन्या तुंबतात. बाईंनी वंदनाला चहाच्या गाळणीचं उदाहरण दिलं. गाळणीत चहापत्तीचा गोळा बसला की खाली चहा पडत नाही, तसं.

पंचेचाळिशीनंतर पहाटे चारला उठून सायकल काढणारी माझ्यासारखी बरीच मंडळी आता आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. त्यांच्या घरच्यांनी वाचलं तर जास्त बरं.

मी रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. मिलच्या तोंडाशी लालभडक सळी चिमट्याने पकडून पुढे सरकवणारी माणसं असतात. ती वीस मिनिटं काम करतात आणि वीस मिनिटं पंख्याखाली बाकावर बसतात. त्या बसण्याला आमच्याकडे 'बैठकी' म्हणतात आणि ती कामातच धरली जाते. ती पाळली जाते की नाही, मीठ-लिंबाच्या पाण्याचं भांडं भरलेलं आहे की नाही, हे बघणं माझं काम. वीस मिनिटं झाली तरी कोणी काम सोडत नसेल तर मी शिट्टी वाजवून त्याला कामावरून उठवतो.

आणखी एक सांगायला हवं. मिलच्या प्रत्येक संडासात भिंतीवर मी एक तक्ता चिकटवला आहे. त्यात लघवीच्या रंगाच्या सात पट्ट्या आहेत. पहिली पाण्यासारखी, सातवी कोऱ्या चहासारखी. सातवीखाली हिंदीत लिहिलं आहे, 'तुरंत डॉक्टर के पास जाएँ.' लॅमिनेशनही मीच करून आणलं होतं.

आता माझा शौक. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे एका दमात तीन कामं. माझ्या शर्यतीत दोन किलोमीटरला थोडं कमी पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि सायकलवरून उतरताच एकवीस किलोमीटर धावणं होतं. आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, रायपुरात बूढ़ापाऱ्यात राहतो. आमच्या घराण्यात बसमागे धावण्यापलीकडे कोणी धावलेलं नाही. मी मात्र दोन वर्षं नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर सायकल मारत होतो. नोव्हेंबरमध्ये समुद्रकाठी होणाऱ्या शर्यतीत नाव घातलं होतं आणि ते मिलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बीटाच्या रसाने दम वाढतो असं आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं आणि घरात बीट शिरलं. बीट, अद्रक, लिंबू. वंदना पहाटे स्टीलच्या पेल्यात रस द्यायची आणि मी नाक दाबून एका घोटात संपवायचो. बीटाने लघवी लाल होते हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकदा घाबरून झालं, मग सवय झाली.

तो एप्रिलचा शेवट होता. रविवारी नव्वद किलोमीटर सायकल आणि वर पंधरा धावायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी नात्यात लग्न होतं, उठायला उशीर झाला आणि मी सातला निघालो. शहाण्या माणसाने त्या दिवशी निम्म्यातून परत यावं. मी धावणं संपवलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुरू झाली होती. बाटलीतलं पाणी कधीच संपलं होतं. घरी येऊन पेनकिलर घेतली. संध्याकाळी आणखी एक.

सोमवारी लघवी लालसर-तपकिरी झाली. बीट, मी म्हणालो. मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उलटा उतरलो, तरी मिलमध्ये गेलो आणि सकाळच्या सभेत कामगारांना उन्हाळ्यात पाणी कसं प्यावं यावर दहा मिनिटं बोललो. मग संडासात गेलो. समोर माझाच तक्ता होता. खाली पाहिलं, वर पाहिलं. सरळसरळ सातवी पट्टी होती. मी स्वतःशी 'बीट' म्हणालो आणि पाणी ओतून बाहेर आलो. त्या दिवशीही दोन पेनकिलर झाल्या.

मंगळवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि लघवी जवळपास थांबली. वंदनाने विचारलंसुद्धा नाही, रिक्षा बोलावली.

तर इमर्जन्सीत बाईंनी विचारलं, शेवटचं बीट कधी घेतलं? मी म्हणालो, आज पहाटे. तेव्हा वंदना बोलली.

"घरात बीट कुठी आहे? शनिवारीच संपलं. टमाटर अन् अद्रक देऊन राहिली मी तुमाले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही तर नाक दाबून पेता. सांगून काय फरक पडत होता?"

बाईंना मराठी येत नव्हती, पण त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी बाटली नर्सकडे दिली आणि माझ्या हातात सुई घातली.

रक्ताच्या तपासण्या आल्या. सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम. ते शेकड्यांत असायला हवं, माझं लाखाच्या घरात होतं. क्रिएटिनीन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो एकच्या आसपास असतो, माझा सुरुवातीलाच चार होता. पोटॅशियमही चढलं होतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून छातीला तारा लागल्या. सलाईनच्या बाटल्या एकामागून एक सुरू झाल्या. "कल तक पेशाब नहीं खुला तो डायलिसिस," बाई म्हणाल्या. त्या तेवढंच आणि तसंच बोलायच्या. मला त्यांचा तो स्वभाव आवडला.

दुसऱ्या दिवशीही लघवी सुरू झाली नाही. मानेत नळी घातली आणि डायलिसिस झालं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रात धुऊन परत आत सोडणं. दुखत नाही, थंडी वाजते. शेजारच्या खाटेवर एक काका होते. सात वर्षांपासून ते आठवड्यातून तीनदा येत होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, फार धावलो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कोई पीछे पड़ा था क्या?"

मी नाही म्हणालो. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मला इतकी लाज वाटली की उरलेले तीन तास मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हॉस्पिटलातली खरी परीक्षा वाट बघण्याची असते. माझं सगळं आयुष्य त्या दिवसांत एका प्लास्टिकच्या भांड्यावर येऊन ठेपलं होतं. त्यावर मिलीलिटरच्या रेघा होत्या. माझी मुलगी रिद्धी अकरावीत आहे. तिला मराठी कळते, पण बोलते हिंदी. ती शाळेतून थेट यायची आणि आधी ते भांडं उजेडात धरायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, आप तो सेफ्टी ऑफिसर हो ना?" टोमणा नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. मलाही समजत नव्हतं. किडन्या परत सुरू झाल्या नाहीत तर काय, हा प्रश्न आम्ही तिघांनीही एकमेकांना विचारला नाही. मला भीती वाटत होती. काकांसारखं आठवड्यातून तीनदा, जन्मभर. तेव्हा शर्यत आठवलीच नाही.

चौथ्या दिवशी दुसरं डायलिसिस झालं. सहाव्या दिवशी दुपारी भांड्यात अर्ध्यापर्यंत लघवी आली. रंग पाचव्या पट्टीचा होता. वंदनाने ते भांडं नर्सला दाखवलं, वॉर्डबॉयला दाखवलं आणि पुसायला आलेल्या बाईलाही दाखवलं. मग भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला तसं रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

आठव्या दिवशी दुकालू भेटायला आला. मिलच्या तोंडाशी चिमटा धरणाऱ्यांत तो सगळ्यात जुना. गळ्यात गमछा होता, स्टुलाच्या कडेवर बसला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "साहब, तुमन हमन ला बीस मिनट म उठाथव. तुमन ला कोन उठाही?"

आम्हाला तुम्ही वीस मिनिटांत उठवता, तुम्हाला कोण उठवणार? त्याने हे चौकशीच्या सुरात विचारलं होतं, जसं ड्यूटी कोणाची आहे हे विचारावं. मी म्हटलं, वो काम है दुकालू, ये तो शौक है. तो म्हणाला, "घाम त एकेच ए." घाम म्हणजे त्याच्या बोलीत ऊन. ऊन दोन्हीकडे सारखंच, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी घरी आलो. बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. तीन महिने फक्त चालायचं. सहा महिन्यांनी तपासण्या नीट असतील तर हळूहळू पोहणं आणि सायकल. आणि उन्हात घाम गाळून आल्यावर पेनकिलर घ्यायची नाही, कधीच, कारण ती आधीच अडचणीत असलेल्या किडनीवर आणखी भार टाकते. "आप तो फुटाने जैसे खाते हैं," त्या म्हणाल्या. खरं होतं.

त्या वर्षीची शर्यत अर्थातच गेली. मी संध्याकाळी बूढ़ा तलावाभोवती वंदनाबरोबर चाललो. ती माझ्यापेक्षा भराभर चालते हे लग्नाच्या एकोणीस वर्षांनी कळलं. पहिल्याच सोमवारी मिलमध्ये जाऊन मी तक्त्यांवर सातव्या पट्टीखाली पेनाने लिहिलं, 'चुकंदर खाया हो तब भी.' कामगारांना तो विनोद वाटतो. आमच्या मिलमध्ये चुकंदर कोणी खात नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, बाईंच्या परवानगीने, मी त्याच शर्यतीला गेलो. वंदना सोबत होती. समुद्रातलं पोहणं छान झालं. सायकलवर मी दर वीस मिनिटांनी मिठाचं पाणी प्यायलो. धावायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. सातव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या शौचालयात गेलो, रंग दुसऱ्या पट्टीचा. तेराव्याला परत गेलो, पाचव्या पट्टीचा. मांडीवर दाबून पाहिलं, ती कडक होत चालली होती.

चौदाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलाजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती. मी बसलो. तिथली मुलगी धावत आली. "सर, सिर्फ सात किलोमीटर! टाइम भी बहुत है!"

"बैठकी है," मी म्हणालो. तिला काही कळलं नाही.

घड्याळ लावून वीस मिनिटं बसलो. मिठाचं पाणी प्यायलो. माझ्यामागून पोहून निघालेली माणसं पुढे जात होती. मांडी सैल झाली नाही. मग घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी पट्टी सोडून त्या मुलीच्या हातात दिली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, रडू आलं. वंदना आली, तिने माझ्या चपला पायात घालून दिल्या आणि म्हणाली, "चला, भूक लागून राहिली मले."

दुसऱ्या दिवशीच्या तपासण्या ठीक होत्या. डॉक्टरबाईंचा फोनवर एकच शब्द आला, "गुड." त्यांचे, त्या नर्सचे आणि भांडं उजेडात धरणाऱ्या माझ्या पोट्टीचे उपकार मी फेडू शकत नाही. तुमच्यापैकी कोणाला असा रंग दिसला तर कारण शोधत बसू नका. आधी रिक्षा बोलवा.

मिलमध्ये परतलो तेव्हा सगळ्यांनी पाठीवर थोपटलं. अगली बार पक्का, सर. थोडा और जोर लगाते. मी हसत पुढे गेलो. दुकालूची बैठकी चालू होती. बाकावर बसून तो गमछ्याने मान पुसत होता.

"कतका म उठेव, साहब?"

किती झाल्यावर उठलो, ते विचारत होता. चौदह किलोमीटर में, मी सांगितलं.

"हव. बने करेव," चांगलं केलंत, असं तो म्हणाला, आणि बाकावर थोडं सरकून त्याने माझ्यासाठी जागा केली. "बइठव."

त्याची वीस मिनिटं संपेपर्यंत मी तिथे बसलो.