भोंडल्यासाठी मंजूर झालेले तास

"तिला मधेच बसवा, हत्तीशेजारी. म्हणजे कुणाच्या पायात यायला नको."

एका काकूंनी हे दुसऱ्या काकूंना सांगितलं, अगदी मायेनं. व्हीलचेअर ढकलत मी मागे होते, मला ते ऐकू आलं. खुर्चीतल्या ताईलाही आलं असणार, कारण तिची मान किंचित माझ्याकडे वळली.

कॉव्हेंट्रीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा भोंडला होता. फरशीवर रांगोळी काढायला परवानगी नव्हती, म्हणून हत्ती पुठ्ठ्यावर रंगवून पाटावर उभा केला होता. ताईची खुर्ची त्याच्या शेजारी लागली. एका बाईंनी हत्तीला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हातानं ताईलाही लावलं.

"हत्ती फर्स्ट," ताई सावकाश म्हणाली. "मग मी."

ताई पस्तिशीची होती, जन्मानं इंग्लंडचीच. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे शब्द एकेक करून, वेळ घेत बाहेर यायचे. इतकी वर्षं ती आईबरोबर भोंडल्याला यायची आणि भिंतीलगत, कोटांच्या ढिगाशेजारी बसायची. तिला एकटं कसं सोडायचं, म्हणून तिची आईही तिथेच बसून गाणी म्हणायची. त्या वर्षी मात्र कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, ताईला घराबाहेरच्या कार्यक्रमांत भाग घेता यावा म्हणून सोबतीच्या काही तासांचे पैसे मंजूर केले. सोबत कुणाची घ्यायची हे तिनंच ठरवायचं होतं आणि तिनं मला निवडलं. म्हणजे ताई माझी बॉस होती.

मी पुण्याहून तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले होते. माझी मुलाखत तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाली. तिनं एकच प्रश्न विचारला, "तू बडबड करते?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"गुड," ती म्हणाली. "मग मला चान्स."

कामाआधीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट परत परत सांगितली होती: ज्यांच्या सोबत आहात त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका. बरोबरच्या मुलींना ते अवघड वाटत होतं. मला वाटलं, चला, माझ्यासारखीसाठी एक तरी नोकरी निघाली. शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठी बायकांच्या घोळक्यात माझी जीभ आधीच टाळूला चिकटायची. गप्प राहण्याचा पगार मिळणार असेल तर हवाच होता.

मंगळवारी आम्ही कम्युनिटी सेंटरमधल्या बेकिंगच्या वर्गाला जायचो. भोंडल्याच्या आदल्या आठवड्यात तिथे यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे ओव्हनमध्ये फुगणाऱ्या मैद्या-अंड्यांच्या कुरकुरीत वाट्या, केली होती. बसमधून घरी येताना डबा ताईच्या मांडीवर होता आणि प्रत्येक वळणावर आतली पोकळ, हलकी पुडिंग एकमेकांवर टपटप आपटत होती. तो आवाज ऐकून ती इतकी हसली की समोरची म्हातारी इंग्रज बाईही हसायला लागली.

तर हॉलमध्ये बायका हात धरून फेर धरू लागल्या. काकू, म्हणजे ताईची आई, सवयीनं कोटांकडे निघाल्या होत्या. ताईनं मला जवळ बोलावलं.

"मधे नको. मला फिरायचंय."

मी खाली वाकले. ब्रेक काढला आणि खुर्ची फेराच्या कडेला, दोन बायकांच्या मधोमध नेऊन उभी केली. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी ताईकडे बघितलं. ताईनं एक हात वर केला आणि वाट बघत राहिली.

"अगं, चाकं पायावर येतील," डावीकडची म्हणाली.

"मग बूट घालून ये," असं म्हणत उजवीकडच्या आजींनी तो हात धरला. जरा वेळानं डावीकडची बूट घालून आली आणि तिनं दुसरा धरला.

फेर खुर्चीच्या वेगानं फिरू लागला. बऱ्याच गुडघ्यांना ते मानवलं. "असं असेल तर मी दिवाळीपर्यंत फिरेन," आजी म्हणाल्या. समोरच्या बाजूला काकूही फेरात शिरल्या होत्या. सासरच्या तक्रारींची सगळी गाणी त्यांना पाठ होती आणि आवाज खणखणीत होता. तो इतकी वर्षं कोटांना ऐकवला होता. मला एकही गाणं येत नव्हतं. मी ढकलत होते आणि नुसते ओठ हलवत होते. मधे हत्ती एकटाच राहिला होता.

मग खिरापत ओळखायची वेळ आली. शेवटचा डबा एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचा होता. त्यांची खिरापत आजवर कुणी ओळखलेली नव्हती आणि हे त्या दरवर्षी न विसरता सांगायच्या. त्या प्रत्येकीच्या कानाशी डबा हलवत पुढे येत होत्या.

"करंज्या."

"नाही."

"अनारसे?"

"आमच्याकडे कुणाला जमतात? हरलात म्हणा आणि मोकळ्या व्हा."

डबा ताईच्या कानाशी आला. आतून हलकी, पोकळ टपटप. तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. मलाही कळलं. त्या डब्यात यॉर्कशायर पुडिंग होती; त्यांत भरायची बटाट्याची भाजी बाईंनी वेगळी आणली होती. पुडिंग ताईनं ओळखलं आणि भाजी नंतर सगळ्यांनी मिळून खाल्ली, हा किस्सा मंडळात पुढे कितीतरी वर्षं सांगितला जायचा. पण त्या क्षणी ताईचा पहिलाच शब्द तोंडातून निघत होता. हसण्यामुळे तो आणखीच अडकत होता, आणि डॉक्टरीणबाई डबा पुढे न्यायच्या बेतात होत्या.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी मला विचारलं. "तुला कळतं ना तिचं? सांगून टाक पटकन, हॉलची किल्ली द्यायचीय."

सगळा फेर माझ्याकडे वळला. उत्तर माझ्या जिभेवर होतं. ताईचं हसू थांबलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती. त्या हॉलमध्ये मी तोवर कुणाशी एक अख्खं वाक्यही बोलले नव्हते.

"ताईलाच विचारा," मी म्हणाले. "आमच्याकडे भरपूर वेळ आहे. कौन्सिलनं दिलाय."