पुढची जाळी

आमच्या गाडीची पुढची जाळी कुणी फोडली, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. दौंडच्या आत्याला माहीत आहे, सणसवाडीला कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाला, विलासला, माहीत आहे. आप्पांनी फोडली. माझ्या वडिलांनी स्वतःच फोन करून प्रत्येकाला तसं सांगितलं होतं. आता ते नाहीत. आणि सगळ्यांना जे माहीत आहे ते खोटं आहे, हे जाणणारा मी एकटा उरलो आहे — उरलो म्हणजे काय, पहिल्यापासून एकटाच होतो. एवढं लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखणाऱ्या एकाही माणसासमोर हे तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

आधी आप्पांविषयी सांगतो. बघा, लगेच आडवाट धरली. पण ते कसे होते हे सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

आप्पा शिरूर डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांच्या हातून सगळ्या नोकरीत कुणाला ओरखडासुद्धा उमटला नाही. त्यांचा एक नियम होता. गाडीला कुठे खरचटलं, नुसता आरसा घासला, तरी डेपोत आल्या आल्या ड्रायव्हरने आपण होऊन सांगायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही. "गाडी खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो," असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. आई गेल्यावर दर गुरुवारी ती घेऊन ते दौंडला बहिणीकडे जाऊ लागले. आत्या विधवा, एकटी. सकाळी न्हावरा, मांडवगण करत जायचं, तिचं दळण नि औषधं आणून द्यायची, तिच्याशी थोडं भांडायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं. त्यांचा सगळा आठवडा या गुरुवारच्या आधाराने उभा होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. लग्न केलं नाही. पुस्तकं वाचतो, कुणी बोलावलं तर व्याख्यान देतो. गाडी मला चालवता येते, पण येते इतकंच. आणि आप्पांनी या वयात गाडी चालवू नये, असं मी विलासच्या आणि आत्याच्या कानावर अधूनमधून घालत असे. काळजीपोटी? तेव्हा मीही तसंच समजत होतो. खरं म्हणजे, त्या घरात मला त्यांच्यापेक्षा कमी येणारी ती एकच गोष्ट होती — आणि ती मला टोचत होती.

उसाचा हंगाम होता. गुरुवार होता. आप्पा दौंडहून आले, जेवले, झोपले. मला न्हावऱ्याकडच्या एका शाळेत व्याख्यान होतं. त्यांना न उठवता मी खिळ्यावरची चावी घेतली. व्याख्यान चांगलं झालं. परत येताना ऊन लख्ख होतं, रस्ता सरळ होता, आणि फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या भाषणाचं कौतुक टाकलं होतं. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचायला लागलो. हे लपवायचं नाही म्हणून लिहितो, पहिल्या वाचनाने माझं पोट भरलं नव्हतं. दुसऱ्या वाचनात मी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या मागे जाऊन धडकलो.

वेग कमी होता. काड्या मोडाव्यात तसा आवाज झाला. ट्रॉलीच्या मागे लोंबणारे दोन-तीन ऊस सरळ जाळीत घुसले होते. ट्रॅक्टरवाला चाकाशी वाकून पान्हा फिरवत होता. त्याने उठून पाहिलं, मी ठीक आहे अशी खात्री केली आणि हसला. "ओ सर, रस प्यायचा व्हता तर रसवंतीवर जायचं की!" मीही हसलो. आम्ही दोघांनी मिळून ऊस ओढून काढले. दोष माझा होता, आणि तो माझ्यावर साधा रागावलाही नाही.

घरी आलो तेव्हा आप्पा घोरत होते. गाडी ते लावायचे तशीच, शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून लावली. चावी खिळ्याला अडकवली. चहा केला, त्यांना उठवलं — आणि काही बोललो नाही. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं का? की आज लिहिताना ठरवतो आहे?

सकाळी आप्पा पिवळं फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. बंपरवर मुंगळ्यांची रांग लागली होती. त्यांनी गाडी शेडबाहेर मागे घेतली आणि उतरून पुढे आले. मी कप हातात धरून दारात उभा होतो. जाळीच्या मधल्या पट्ट्या तुटून आत गेल्या होत्या, त्यात चिपाडं अडकली होती, आणि आंबलेल्या रसाचा वास अंगणभर होता. आप्पा माझ्याकडे वळले. 'तू नेली व्हतीस का' असं ते विचारतील आणि मी हो म्हणेन, इतकं सोपं होतं. पण त्यांनी ते विचारलंच नाही. माझ्यावर घ्यायचा संशय त्यांनी स्वतःवर घेतला.

"मी ठोकली का काय रे कुठं?"

आणि मी म्हणालो, "तुम्हाला आठवत नाही का, आप्पा?"

हे वाक्य नीट बघा. त्यात एकही अक्षर खोटं नाही. भाषा शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य आहे ते. वर आवाजात काळजी होती — मी मुद्दाम हळू बोललो होतो, आजाऱ्याशी बोलतात तसा.

ते गाडीत बसले, काटा बघितला. "प्येट्रोल बी कमी हाय. एवढा मी फिरलोच न्हाई." इथे तरी थांबता आलं असतं ना? मी म्हणालो, "येताना चौफुल्याकडून लांबून आला असाल." त्यांनी काट्यावरची काच अंगठ्याने पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "असंल." ज्या रस्त्यांवर त्यांनी उभं आयुष्य एसटी चालवली, त्यातला कालचा रस्ता कोणता, हे मी त्यांना सांगत होतो, आणि ते ऐकून घेत होते.

त्यांनी एक चिपाड उपसून नाकाला लावलं. ताजं आहे म्हणाले. म्हणजे ट्रॉलीच. गाडीच सांगत होती, आणि गाडी खोटं बोलत नाही यावर त्यांचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "कुणाला लागलं तर नसंल?" गाडीला हात न लावता ते स्टँडवर गेले, एसटीने न्हावऱ्याला उतरले, तिथून मांडवगणपर्यंत थांब्याथांब्यावर, टपऱ्यांवर विचारत फिरले — काल पांढऱ्या गाडीनं कुणाला धक्का दिला का, कुणाला लागलं का. मी तो दिवस कॉलेजात धडा शिकवत घालवला. ते दिवस कलल्यावर आले, पायांवर धूळ, ओठ सुकलेले. "कुणाला न्हाई लागलं. देव पावला," म्हणाले, आणि पाणी पिताना रडले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला होता. तोही मीच.

त्यानंतर त्यांनी फोन केले. डेपोत सांगायचे तसं, आपण होऊन. आत्याला, विलासला. माझ्या हातनं गाडीला लागलं, आन् मला कायबी आठवत न्हाई.

गॅरेजला जायला ते तयार नव्हते. शिरूरचे निम्मे मिस्त्री डेपोतले, त्यांचेच ओळखीचे; त्यांना काय तोंड दाखवणार? विलास रविवारी नवी जाळी घेऊन आला. "आप्पा, डेपोला एवढी वर्षं फसिवलं, आता घावलात बघा!" म्हणाला. आप्पा हसले, पण जरा उशिरा. विलास गेल्यावर ते गाडीपुढे पोतं अंथरून बसले. मी शेजारी.

बोनेट उघडलं, वरच्या क्लिपा काढल्या. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून त्यांनी पेचकसाच्या टोकाला फडक्याची चिंधी गुंडाळली आणि खालचे लॉक एकेक करून उचकटले. जाळी सुटली तेव्हा तिच्यामागे, रेडिएटरच्या पुढे, उसाची पाती, साल, चिकट लगदा आणि मेलेले मुंगळे निघाले. ते त्यांनी बोटांनी साफ केलं. मी केलेली घाण माझ्यासमोर माझे वडील नखांनी खरवडत होते, आणि मी त्यांना हवं ते अवजार हातात देत होतो. नवी जाळी बसवताना दाबत न्यायची असते, लॉक बसला की टक् असा आवाज येतो. त्यांनी जरा जास्तच दाबलं. एक लॉक तुटला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बघितला. "हात बी गेले म्हंजी," म्हणाले.

ते हात गेले नव्हते. आदल्या आठवड्यापर्यंत ते हात ठाम होते.

तुटलेल्या लॉकच्या जागी त्यांनी तारेचा पीळ दिला. मग उठून, हात धुऊन, चावी माझ्यापुढे धरली. "आजपासून तू." मी घेतली. नको म्हणालो नाही, एकदासुद्धा. उलट मनात कुठेतरी वाटलं, बरं झालं, मी म्हणतच होतो. हे वाटलं होतं. तेच सगळ्यात घाणेरडं आहे, आणि तेच मला सांगायचं नव्हतं.

पुढे काही गुरुवार मी त्यांना दौंडला नेलं. ते शेजारी बसायचे आणि वळण आलं की त्यांचा उजवा पाय नकळत खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे. मग मला पेपर तपासायचे असायचे, मग एक लेख असायचा. ते एसटीने जाऊ लागले. मग तेही थांबलं, उतरायचं गाव विसरलो तर, असं म्हणू लागले. सकाळची गोळी घेतली का, दाराला कडी घातली का, गॅस बंद केला का — सगळं मला विचारायचे. विसरत नव्हते हो ते. मी बघितलंय, गोळी घेतलेली असायची, कडी लावलेली असायची. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता, आणि मी प्रत्येक वेळी "हो आप्पा, घेतलीत" असं त्याच हळू आवाजात सांगत होतो. त्यांचा आधार झाल्याचं लोक माझं कौतुक करायचे. ते कौतुकही मी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात ते गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर मला काही बोलायचं नाही.

दशक्रिया घोडनदीच्या घाटावर झाली. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी घरचे एकेक जण पुढे येऊन, गेलेल्याच्या मनात राहिलं असेल ते पुरं करू, असं बोलतात. विलास म्हणाला, आत्याकडं दर गुरुवारी जाऊ. कावळा हलला नाही. ऊन चढत होतं. भावकीतले एक म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरल्या, तू बोल. त्यांचा जीव कशात अडकलाय ते तुलाच ठावं."

मला ठाऊक होतं. सगळे होते तिथे, विलास, आत्या, डेपोतली त्यांच्या वयाची माणसं. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "आप्पा, गाडी नीट सांभाळीन."

कावळा आला नाही. मग आत्या डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली. "दादा," ती म्हणाली, "गाडीचं मनाला लावून घिऊ नको. चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई? आमी कुणीबी मनात ठिवलं न्हाई. सुखानं जा."

आणि कावळा खाली आला.

बायका रडल्या. कुणीतरी म्हणालं, गाडीतच जीव व्हता बघा. मी असल्या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण त्या घाटावर सगळ्यांच्या देखत माझ्या वडिलांना माफी मिळाली, त्यांनी न केलेल्या गोष्टीची, आणि मी हात जोडून उभा राहिलो. जोडलेले हात मी सोडलेसुद्धा नाहीत.

गाडी मीच चालवतो. कॉलेजला जातो, येतो. खड्ड्यातून गेलं की तारेने बांधलेल्या बाजूला जाळी वाजते. आत्या अजून म्हणते, शेवटी शेवटी दादाचं डोकं चालत नव्हतं, आणि मी मान हलवतो.

त्यांचं डोकं चालत होतं. जाळी मी फोडली. न्हावऱ्याच्या रस्त्यावर, भरदुपारी, स्वतःचं कौतुक दुसऱ्यांदा वाचताना.