शेठच्या खटल्यातली माही साक्ष

हे मी कोनालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, देवाले बी नाही. आज तुमाले सांगून राहिली — अन् माफीगिफी मागाले नाही, हे आधीच समजून घ्या.

तेलवाला शेठ तुमाले मालूम असन. धानाच्या कोंड्याचं तेल काढनारा एवढा मोठा मालक का मंत्री त्याच्या दारात चपला काढे. त्याच्या मिलचं घान पानी टँकरनं आमच्या तलावात सोडलं अन् सगळे मासे पोट वर करून तरंगले. आमी ढीवर लोक. तलाव मेला त आमी खाओ काय?

खटला झाला. शेठले सजा लागली, मंत्र्याची खुर्ची गेली, त्याची पार्टी इकडं साफ झोपली. मले तिकीट भेटलं, मी निवडून आली. लोक म्हनते, मासे विकनाऱ्या बाईनं शेठले पाडलं. हाव, पाडलं! त्याचा मले जराबी पस्तावा नाही. आज बी पाडीन.

पन — कसं पाडलं, हे कोनी इचारलं काय?

टँकर मी पाह्यलाच नव्हता. माह्या जावेनं पाह्यला, भरदुपारी. तिचा पोरगा मिलात कामाले. ती म्हने, माहं नाव घेशीन त विहिरीत उडी मारीन. मंग बोलनार कोन? मी बोलली. मी पाह्यला म्हनून सांगतलं. तेवढं खोटं मले पचलं — तलाव आमचा होता ना!

मंग वकिलानं इचारलं, टँकर कोन चालवत होता? घ्या! जावेले चेहरा दिसलाच नव्हता. मिलातला एकच डायवर मले नावानं मालूम होता — शंकर. काहून? त तो दर बाजारी माह्याजवळच मासे घे, मले मावशी म्हने. तेच नाव तोंडात आलं, अन् मी बोलून बसली.

अन् टँकर आला तो दिवस बाजाराचा होता. त्या दुपारी मी टोपलं घेऊन सिहोऱ्याच्या बाजारात होती. अन् शंकर — कसं सांगू? — शंकर माह्याच समोर उकिडवा बसून मरळ निवडून राहिला होता.

कोर्टात तो रडला नाही. हात जोडून म्हनला, "साहेब, मी त मावशीजवळ बाजारात होतो. मावशीलेच इचारा ना!" त्याले वाटलं, मी हाव म्हनीन. साहेबानं इचारलं. मी सांगतलं, मी त्या दिवशी बाजारात गेलीच नव्हती.

आता खरं बोलली त खटलाच पडते, शेठ मिशीले पीळ देत फिरते. म्हनून गप हाये. शेठ अपील करून जामिनावर घरी आलाच हाये म्हना. शंकरसाठी जामीन भरनारं कोनी नाही. तो आत हाये, अन् मीच ठेवला त्याले.