सुलाबाईच्या फाटकावरचा ड्रोन शॉट

पाचव्या वेळेस कॅमेरा विजेच्या खांबात घुसला तेव्हा परेशभाई म्हणाले, "मासी, चहा पिऊन घ्या. खांब काही पळून जात नाही."

मी म्हटलं, "खांब नाही पळत. पण शॉट उद्या द्यायचाय ना."

आमचं ऑफिस गोडादऱ्यात, लेसपट्टीच्या दुकानावर. एक खोली, दोन कॉम्प्युटर. परेशभाई मालक. मी तिथे झाडूपोछा आणि चहाला लागले होते. शाळा चौथीपर्यंत. ऑफिसच्या आधी बावीस वर्षं भेस्तानच्या पुढे एका फॅक्टरीच्या सायडिंगवर फाटकवाली होते. सायडिंग म्हणजे मोठ्या लाइनीतून फुटून फॅक्टरीत जाणारी खासगी लाइन. तिथून कोळशाचे डबे जायचे. रस्त्याला फाटक होतं. लोखंडी चक्री फिरवून दांडा खाली आणायचा, गाडी गेली की वर घ्यायचा. नवरा वारल्यावर मुलं त्या पगारावरच मोठी केली. मग गुडघे गेले, चक्री फिरेना. काम सोडलं आणि माझ्या जागेवर सुलाबाईला लावून दिलं. ती माझ्याच गावाकडची, अमळनेरच्या बाजूची. तिचाही नवरा गेला होता.

परेशभाईंचं काम म्हणजे ट्रेनचा गेम. सिम्युलेटर म्हणतात त्याला. कॉम्प्युटरमध्ये रूळ टाकायचे, झाडं, घरं, खांब लावायचे, त्याच्यावर गाडी चालवायची. त्याचे व्हिडिओ करून ते फॅक्टरीवाल्यांना, ट्रेनिंगवाल्यांना द्यायचे. एकदा पोछा मारताना मी म्हटलं, "भाई, रिकामा डबा असा नाही हलत. भरलेला असा हलतो." त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, "बसा ने, मासी." तशी मी बसले. वर्षभरात वरून फिरणारे शॉट मीच लावायला लागले.

ते कसं करतात ते सांगते. गेममध्ये कॅमेरा हवेत कुठेही नेता येतो, ड्रोनसारखा. पण हाताने नेला तर थरथरतो. म्हणून हवेत खुंट्या ठोकायच्या. की-फ्रेम म्हणतात. पहिली खुंटी इथे, कॅमेरा इकडे बघतोय. दुसरी खुंटी तिथे, कॅमेरा तिकडे बघतोय. मधला रस्ता कॉम्प्युटर आपला काढतो. तो सरळ काढतो, मध्ये खांब आहे का झाड आहे, त्याला काही पडलेली नसते. म्हणून घुसतो. मग मध्ये अजून एक खुंटी द्यायची. जास्त दिल्या तर झटके बसतात, कमी दिल्या तर खांबात जातो. आणि कॅमेरा गाडीच्या बरोबरीने उडवला तर गाडी उभी वाटते, जमीनच पळते. थोडा मागेपुढे ठेवावा लागतो. हे मला कोणी शिकवलं नाही. बावीस वर्षं गाड्या बघितल्या होत्या.

तर तो खांबातला शॉट सुलाबाईच्या फाटकाचा होता.

झालं असं होतं की कोळशाची गाडी आत येत होती. तिथे इंजिन मागे असतं, डबे पुढे ढकलतं. पुढच्या डब्यावर एक माणूस झेंडी घेऊन उभा असतो, तेवढंच. फाटकाला फोन नव्हता. वळणावर पहिला डबा दिसला की चक्री फिरवायची, अशी रीत. दांडा खाली यायला मिनिटभर लागतो. त्या दिवशी दांडा अर्धाच आला होता आणि कापडाच्या ताग्यांचा टेम्पो आत शिरला. डब्याने त्याला घासत नेलं. ड्रायव्हरचा पाय मोडला. माणूस वाचला, हे देवाचं.

कंपनी म्हणाली, बाईचं लक्ष नव्हतं. चौकशी लागली. तिचं काम जाणार, आणि कामाबरोबर फाटकाजवळची खोलीही, कारण खोली कंपनीची. मोठे साहेब मुंबईहून येणार होते. त्यांना दाखवायला घटनेचा व्हिडिओ हवा होता. तिथे खरा ड्रोन उडवायची परवानगी मिळेना, म्हणून काम आमच्याकडे आलं.

परेशभाईंनी विचारलं, "मासी, तुमची ओळखीची जागा आहे. कराल ने?"

मी लगेच हो म्हटलं. मनात होतं, आपल्या हाताने होतंय तर सुलाचं भलंच होईल.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिच्याकडे गेले. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये, आक्का. तू आता हवामा उडस म्हने?"

मी म्हटलं, "मी नाही उडत, कॅमेरा उडतो. मी बसून गुडघे चोळते."

ती हसली. मग म्हणाली, "माले दिसनंच नही वं, आक्का. डबा दिसना तव्हय जवळ येल व्हता." म्हणजे डबा तिला दिसला तेव्हा तो पार जवळ आला होता.

मी उठून वळणाकडे बघितलं. लांबपर्यंत मोकळं होतं. ताजी उकरलेली माती, जेसीबीच्या दातांचे ओरखडे. तिने सांगितलं, टेम्पो उचलला त्याच्या तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर आला आणि सगळ्या बाभळी काढून गेला. वेड्या बाभळी, माणसाच्या वर गेलेल्या. पूर्ण वळण झाकून टाकलं होतं त्यांनी.

मी म्हटलं, "बरं झालं, साफ झालं."

हे मी म्हटलं. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

फाटकवाल्या बाईचं डोकं कसं चालतं ते सांगते, मग माझी चूक समजेल. आमच्याकडे साहेब येणार असला की आधी बाभळी छाटायच्या, दगडांना चुना मारायचा, गवत काढायचं. फाटकाच्या दोन्ही अंगाला पन्नास पावलं फाटकवालीने साफ ठेवायची, त्याच्या पुढचं कॉन्ट्रॅक्टरने. साहेब येतो तेव्हा लाइन स्वच्छ दिसली पाहिजे. घाण दिसली तर पहिला मेमो फाटकवालीला. मला दोनदा मिळाला होता, एकदा तर नुसत्या गवतासाठी. पुढचं झाड कॉन्ट्रॅक्टरचं, हे साहेबाला कोण सांगणार? अपघात झाला त्या वर्षी कोणी साहेब आलाच नव्हता, म्हणून कॉन्ट्रॅक्टरही आला नव्हता.

ऑफिसात परतले तेव्हा परेशभाईंनी वरून काढलेल्या नकाशावरून सगळं उभं केलं होतं. रूळ, खोली, फाटक, खांब. नकाशात वळणावर हिरवे ठिपके होते, तिथे त्यांनी बाभळी लावल्या होत्या. दाट.

मी म्हटलं, "हे काढा."

"का? नकाशात छे ने, दिसतात इथे."

"आता नाही तिथे. आणि साहेब बघणार आहेत. एवढं रान दिसलं तर म्हणतील, बाईने काही साफच ठेवलं नाही."

ते म्हणाले, "घटना झाली तेव्हा होतं का?"

मी म्हटलं, "होतं. पण ते दाखवून तिचंच नाव खराब होईल. काढा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जागा मला जास्त माहीत, असं त्यांना वाटलं असणार. माऊस ओढून सगळ्या बाभळी निवडल्या आणि एक बटण दाबलं. गेल्या.

मग मी दोन दिवस तो शॉट लावला. कॅमेरा खोलीच्या मागून वर उचलला, चाळीस मीटर. तिथून वळणाकडे वळवला. लांबून डबे येताना दिसतात. कॅमेरा त्यांच्याकडे जातो, वरून त्यांच्या अंगावरून फिरतो आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत परत येतो. खांबाजवळ एक खुंटी जास्तीची दिली तेव्हा कॅमेरा खांबात घुसायचा थांबला. झटका नाही, थरथर नाही. परेशभाई म्हणाले, "मासी, आजपर्यंतचा बेस्ट." मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू.

कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत पडदा लावला होता. मोठे साहेब, इथले दोन मॅनेजर, परेशभाई आणि मी. सुलाबाईला मागे दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिने इस्त्रीची साडी नेसली होती.

व्हिडिओ चालू झाला. कॅमेरा वर गेला, वळला. डबे दिसले, लांब, अगदी मोकळे. साहेबांनी हात वर केला. "रोको."

चित्र थांबलं.

साहेब म्हणाले, "यहाँ से फाटक कितना दूर?"

मॅनेजरने सांगितलं.

"इतने दूर से दिख रहा है। तो बाई को क्यों नहीं दिखा?"

तेव्हा मला कळलं. मी कॅमेरा चाळीस मीटर वर नेला होता. सुला तर खाली उभी होती, चक्रीला हात लावून, आणि तिच्या आणि डब्यांच्या मध्ये बाभळी होत्या. त्या मी काढल्या होत्या.

मागून सुलाबाईचा आवाज आला. हळूच. "बाभळी कोठे ग्यात वं, आक्का?"

साहेबांनी विचारलं, "क्या बोली?"

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, इथे झाडं होती. बाभळी. पूर्ण वळण झाकलं होतं. व्हिडिओतून मी काढायला सांगितली. चूक माझी."

"तुमने क्यों निकाली?"

"साहेब बघणार म्हणून. लाइन साफ दिसावी म्हणून."

साहेब जरा हसले. इथल्या मॅनेजरने विचारलं, "तुम्ही आधी ह्याच फाटकावर होता ना? बाईला कामाला तुम्हीच लावलं ना?"

"हो."

"मग आता तिला वाचवायला सांगताय."

परेशभाई मधे पडले. म्हणाले, "साहेब, झाडं आधी लावलेली होती. दहा मिनिटांत परत लावून दाखवतो."

साहेब म्हणाले, "दस मिनट में लगते हैं, दस मिनट में निकलते हैं। फिर इस पर भरोसा कैसे करें?"

शॉटवर मात्र त्यांनी भरोसा केला होता. मी म्हटलं, नकाशात हिरवं आहे ते बघा. ते म्हणाले, नकाशा कधीचा आहे कोणाला माहीत. जागेवर जाऊन बघणार काय, तिथे तर जेसीबी फिरून गेला होता. बाभळीचा फोटो कोण काढून ठेवतं.

मीटिंग अर्ध्या तासात संपली. बाहेर जिन्यावर परेशभाई मला म्हणाले, "मासी, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं," मी म्हटलं.

आठवड्याने सुलाबाईला पत्र मिळालं. महिन्याच्या आत खोली रिकामी करायची होती, तिने चार दिवसांतच केली. सामान होतंच किती. मी मदतीला गेले. ती भांडी पोत्यात भरत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू वाईट कराले नही करं." मग म्हणाली, "पण एक इचारू? आधी माले का नही दखाडं?" आधी मला का नाही दाखवलंस.

सुचलंच नाही, हे खरं. साहेब काय म्हणतील, ह्याचा विचार दोन दिवस केला. सुला काय म्हणेल, हे विचारायला अर्धा तास रिक्षाने जायचं होतं, ते गेले नाही.

आता ती लिंबायतला नणंदेकडे राहते. साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणते. डोळ्यांना त्रास होतो म्हणते. मी महिन्यातून एकदा जाते. ती चहा करते. फाटकाचं आम्ही बोलत नाही.

मी अजून शॉट लावते. त्यानंतर एक सवय लावून घेतली. हवेत पहिली खुंटी ठोकायच्या आधी कॅमेरा जमिनीवर आणते, माणूस उभा असेल तिथे, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. तिथून काय दिसतं आणि काय झाकलं जातं, ते आधी घेते. वरचा शॉट मग. झाड काढायला कोणी सांगितलं तर कागदावर लिहून घेते, कोणी सांगितलं आणि कशाला.

परेशभाई म्हणतात, "मासी, खालचा शॉट क्लायंटने मागितलेला नसतो."

मी म्हणते, नसू दे. पाच मिनिटं लागतात त्याला. तेव्हाही पाचच लागली असती.